पत्रिकेतलं बी.एस्सी.

“उचला तो डबा! आधी टेबलावरून उचला!”

बाई ओरडत होत्या आणि माझा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला होता. ओरडणाऱ्या बाई म्हणजे माझ्या परीक्षक, रसायनशास्त्राच्या. चार वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. लॅबमध्ये एकदा एका मुलाच्या बाहीनं पेट घेतला, तेव्हाही त्यांनी “तुमची बाही जळते आहे” एवढंच सांगितलं होतं, पुढचा बसथांबा सांगावा तशा सुरात. त्याच बाई आज अशा ओरडल्या की भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता हलला. त्यातला हेलियम तर उडूनच गेला असावा; नंतर मला तो दिसला नाही.

डब्यात बेसनाचे लाडू होते. अकरा.

“घरचे आहेत,” मी म्हणाले.

“आज तुमची शेवटची तोंडी परीक्षा आहे,” बाई खुर्ची मागे घेत म्हणाल्या. “मी तुम्हाला गुण देणार. आणि त्याआधी तुम्ही माझ्यासमोर हे ठेवताय.”

“कॉफीबरोबर खायला.”

“मला हे परीक्षा समितीला कळवावं लागेल. आजची परीक्षा होणार नाही.”

त्यांनी लॅपटॉप मिटला. मी डबा पिशवीत घातला, पिशवी सायकलला अडकवली आणि घरी निघाले. आमच्या कापेलमध्ये, म्हणजे रॉटरडॅमजवळच्या गावात, वारा नेहमी समोरूनच येतो, जाताना आणि येतानाही. त्या दिवशी तर मी पेडल मारत होते आणि आजूबाजूच्या इमारती माझ्या पुढे निघून जात होत्या.

आता तुम्ही म्हणाल, बाई, चार वर्षं त्या देशात शिकलात, एवढं कळू नये? कळत होतं हो. पण इथल्या वर्गात ज्याचा वाढदिवस तोच सगळ्यांना खाऊ आणतो. माझ्या वाढदिवसाला याच बाईंनी याच डब्यातले तीन लाडू खाल्ले होते, आणि चौथ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं होतं तशा नजरेनं माझ्याकडे लग्नातही कुणी पाहिलं नव्हतं. कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही एवढं एकच शास्त्र मला लहानपणापासून पक्कं येत होतं. बाकीचं मी चाळिशी गाठता गाठता शिकले.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर खरी गोष्ट सांगते. या सगळ्याची सुरुवात एका लग्नपत्रिकेपासून झाली.

आमच्याकडे मिरजेला पत्रिकेत मुलीच्या नावापुढे कंसात डिग्री छापतात. माझ्या पत्रिकेत छापलं होतं बी.एस्सी. माझी दोन वर्षं झाली होती, तिसरं राहिलं होतं. पत्रिका पाहून मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, म्हटलं, “अण्णा, अजून एक वर्ष आहे.”

“वर्षाचं काय, येतं नि जातं,” अण्णा म्हणाले. “लग्न झाल्यावर परीक्षा देऊन टाक.”

अण्णा शाळेत गणित शिकवायचे. दशांशचिन्ह तसूभर सरकलं तरी अर्धा गुण कापणारा माणूस. चुकीचा आकडा त्यांनी फळ्यावर कधी लिहिला नाही. भाजीवाल्यानं हिशेब चुकून त्यांच्या फायद्याचा केला, तर अर्ध्या रस्त्यातून परत जायचे. त्या माणसानं जन्मात एकच खोटं लिहिलं, आणि तेही पाचशे प्रतींत छापून घेतलं. प्रूफ स्वतः तपासलं होतं. तीनदा.

लग्नानंतर चौथ्या महिन्यात नवऱ्याची बदली नेदरलँड्सला झाली आणि ते तिसरं वर्ष आलंच नाही. मुलगी आली, डच भाषा आली, गुडघेदुखी आली. वीस वर्षांत अण्णांनी फोनवर मला जगातलं सगळं विचारलं. तिकडे ऊन पडलं का, धरणं फुटत तर नाहीत ना, नातीला पाढे येतात का. शिक्षणाचं एका शब्दानं विचारलं नाही. दिवाळीला मिरजेला गेलं आणि एखादा पाहुणा “आमची बी.एस्सी. आली” म्हणाला, की अण्णा चष्मा काढून पुसत बसायचे. चष्मा स्वच्छच असायचा.

नवऱ्याला मी लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी खरं सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, “माझ्या स्थळाच्या कागदावर उंची काय लिहिली होती?”

“पाच नऊ.”

“बघ माझ्याकडे.”

मी पाहिलं. पाच सातच्या वर एक केस नव्हता.

“तुझं निदान दुरुस्त होण्यासारखं आहे,” तो म्हणाला.

दुरुस्तीला वीस वर्षं लागली आणि ती झाली आमच्या घरापासून सायकलनं दहा मिनिटांवरच्या कॉलेजात. तिथं केशकर्तन शिकवतात, स्वयंपाक शिकवतात, गाड्या उघडून परत जोडायला शिकवतात. तळमजल्यावर सूपचा वास, पहिल्या मजल्यावर शाम्पूचा आणि दुसऱ्यावर आमचा, आम्लांचा. या कॉलेजानं रॉटरडॅमच्या मोठ्या संस्थेशी करार केला होता. विद्यार्थ्याचं नाव दोन्हीकडे एकाच वेळी घालायचं. पहिली दोन वर्षं बहुतेक सगळे तास आणि लॅब इथं, घराजवळ. पुढची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा तिकडे, शिवाय एका पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम. इथं मिळवलेलं क्रेडिट तिकडे धरलं जाणार आणि शेवटी डिग्री मिळणार ती मोठ्या संस्थेची. बॅचलर ऑफ सायन्स. माहितीपत्रकात ते तीन शब्द वाचले तेव्हा मी सुपरमार्केटच्या दारात उभी होते, आणि ते सरकतं दार माझ्यामुळे सतरा वेळा उघडलं नि सतरा वेळा मिटलं.

गणपतीत आमच्या मराठी मंडळातल्या एकीनं विचारलं, “ते कॉलेज म्हणजे आपल्या आयटीआयसारखं ना गं?”

“आयटीआयसारखंच,” मी म्हटलं. “वेल्डिंगही शिकवतात. पुढच्या वर्षी मखराला लोखंडी कमान करून देते.”

नावं दोन म्हणजे ओळखपत्रं दोन, ईमेल दोन, वेळापत्रकं दोन. एका मंगळवारी मला एकाच वेळी दोन इमारतींत हजर राहायचं होतं आणि मी राहिले. कसं ते विचारू नका. दोन्हीकडच्या हजेरीत माझं नाव आहे. पण या दोन नावांना दोरी एकच होती. एकीकडचं नाव कापलं गेलं की दुसरीकडचं आपोआप जाणार, हे प्रवेशाच्या कागदावर मी सही केलेल्या ओळीच्या अगदी वर लिहिलेलं होतं. लाडवांच्या दिवशी घरी येऊन मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला.

समितीचा ईमेल आला. सुनावणी दोन आठवड्यांनी. परीक्षकावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न, असं वर लिहिलं होतं. तो सिद्ध झाला तर वर्षभर परीक्षा बंद, म्हणजे दोन्हीकडून बाहेर. करार त्याच वर्षी संपत होता, तेव्हा वर्षानंतरचं कुणीच सांगू शकत नव्हतं. अण्णा एक्क्याऐंशी वर्षांचे होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या वर्षांवर आता माझा विश्वास नव्हता.

“सांग दिवाळी होती म्हणून,” नवरा म्हणाला.

“मे महिन्यात?”

“त्यांना काय कळतंय. संकष्टी सांग.”

मुलगी सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये येतं. फोनमधून डोकं वर न काढता ती म्हणाली, “मम्मा, नो स्टोरीज. प्लीज. जस्ट फॅक्ट्स.”

तिला काळजी वाटावी असा माझा इतिहास होता. तिच्या शाळेत माझ्या एका माशीची गोष्ट तीन वर्षांत वाघापर्यंत वाढली होती.

सुनावणीच्या खोलीत तिघं होते. मफलर गुंडाळलेले अध्यक्ष, शिंकले तरी टाइप करतील अशा चिटणीसबाई, आणि कडेला माझ्या परीक्षक. माझ्या मांडीवर पर्स होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यात खाण्याचं काही नव्हतं.

“डबा का आणलात?” अध्यक्षांनी विचारलं.

“कुणाला भेटायला जाताना मी काहीतरी नेते.”

“परीक्षेलाही?”

“माझे वडील शिक्षक होते,” मी म्हटलं. “परीक्षा जवळ आली की पालक घरी पेढे घेऊन यायचे. वडील पेढा खायचे, चांगला झालाय म्हणायचे आणि मुलगा नापास होण्यासारखा असेल तर त्याला नापास करायचे. पेढा पेढ्याच्या जागी, बेरीज बेरजेच्या जागी, असं म्हणायचे. एका पैलवानानं तर...” इथं माझ्या जिभेवर सात किलो पेढे, दोन बैलगाड्या आणि आख्ख्या गल्लीला लागलेले ढाळ एवढं सगळं येऊन उभं राहिलं. मला मुलीचा चेहरा आठवला. “अर्धा किलो आणले होते. मुलगा दोन गुणांनी नापास झाला. पुढच्या वर्षी तोच माणूस परत पेढे घेऊन आला.”

“परत नापास झाला?”

“पास झाला. पेढे पहिल्या वर्षी जास्त चांगले होते.”

चिटणीसबाईंनी तेही टाइप केलं.

अध्यक्षांनी माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा अहवाल पुढे ओढला. मी कापेलमधल्या बंधाऱ्याकाठच्या जुन्या घरांत नळाच्या पाण्यात शिसं उतरतं का ते तपासलं होतं. त्यासाठी पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी लागतं, म्हणजे सकाळी कुणी नळ उघडायच्या आत लोकांच्या दारात हजर व्हायचं. बत्तीस घरं. इथले लोक सख्ख्या भावालाही तारीख ठरवून भेटतात. मला त्यांनी सकाळी सहाला गाऊनवर दार उघडलं होतं.

“बत्तीसच्या बत्तीस घरं हो म्हणाली,” अध्यक्ष म्हणाले. “हे कसं झालं?”

मी परीक्षक बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. इथं खोटं बोलणं अगदी सोपं होतं. डच लोकांचं विज्ञानप्रेम, असं म्हटलं असतं तर तिघंही खूश झाले असते.

“लाडू,” मी म्हणाले.

अध्यक्षांनी मफलर सैल केला. “तिथंही?”

“प्रत्येक घरी दोन.”

आता परीक्षक बाई पहिल्यांदा बोलल्या. “तुम्ही खाद्यपदार्थ हाताळत होता आणि नमुनेही घेत होता. त्याच हातांनी?”

“आधी नमुना, मग डबा. पुढच्या घरी जाण्याआधी हात धुवायचे आणि नवे हातमोजे घालायचे.”

“ते तुम्ही म्हणता.”

“कोऱ्या बाटल्या आहेत.”

कोरी बाटली म्हणजे साधी युक्ती असते. शुद्ध पाणी भरून ती बाटली आपल्याबरोबर न्यायची, त्या घरात तेवढाच वेळ उघडायची, आपले हात, तिथली हवा, सगळं तिला लागू द्यायचं आणि परत आणून तपासायची. तिच्यात शिसं सापडलं तर ते त्या नळाचं नसतं, आपण बरोबर नेलेलं असतं.

“किती?” बाईंनी विचारलं.

“आठ. दर चार घरांमागे एक. सात स्वच्छ निघाल्या, एकीत शिशाचा अंश आला. त्या सकाळचे चारही नमुने मी टाकून दिले आणि परत जाऊन घेतले. पान एकतीस.”

बाईंनी पान एकतीस उघडलं. बोट ठेवून ओळन्‌ओळ वाचलं. आठ म्हणजे आठच. मी सांगितलेला आकडा दारातून बाहेर पडेपर्यंत दुप्पट होतो हे माझ्या घरी सगळ्यांना माहीत आहे, आणि तो दिवस असा होता की आकडा जिथं ठेवला तिथंच राहिला.

“त्या चार घरी परत गेलात,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“परत लाडू घेऊन?”

“रिकाम्या हातानं कशी जाणार?”

बाईंनी अहवाल मिटला आणि अध्यक्षांकडे पाहून मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची हे मला आठवडाभर कळलं नाही. आठवड्यानं ईमेल आला. हेतू गैर नव्हता. लेखी समज देण्यात येत आहे. परीक्षा तीन आठवड्यांनी. परीक्षक त्याच, कारण त्या विषयाला दुसरं कुणी मोकळं नव्हतं. खाली वेगळी ओळ होती: विद्यार्थिनीनं कोणतेही खाद्यपदार्थ सोबत आणू नयेत.

त्या दिवशी मी हात हलवत गेले. हात कुठं ठेवायचे तेच कळेना. दोन्ही हात दुसऱ्याचेच असल्यासारखे मांडीवर पडून होते. टेबलावर कॉफीचे दोन कप होते. एक बाईंनी माझ्याकडे सरकवला.

“हे चालतं?” मी विचारलं.

“मी दिलेलं चालतं,” बाई म्हणाल्या. “बसा.”

तास-दीड तास त्यांनी मला असं पिळलं की माझ्यातून मिरजेची शाळाही बाहेर आली असेल. शेवटी वहीत दहापैकी गुण लिहून म्हणाल्या, “साडेसात.” आणि लगेच, “मी सात देणार होते. अर्धा पान एकतीसचा.”

अर्धा गुण कापणारा एक माणूस माझ्या आयुष्यात होता. अर्धा देणारं हे दुसरं. मला एकदम इतकं भरून आलं की मी घाईघाईनं कॉफी संपवली, आणि ती कपात नव्हतीच हे मागाहून लक्षात आलं.

पदवीदान गावातल्याच कॉलेजात झालं, तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये. स्वयंपाकाच्या वर्गानं वाटाण्याचं सूप केलं होतं. इथं प्रत्येक विद्यार्थ्याला पुढे बोलावतात, शिक्षक त्याच्याबद्दल दोन शब्द बोलतात, मग सगळ्यांसमोर त्या कागदावर विद्यार्थ्यानं सही करायची. माझ्यासाठी बोलायला परीक्षक बाई आल्या. म्हणाल्या, “या विद्यार्थिनीनं बत्तीस घरांची दारं सकाळी सहा वाजता उघडायला लावली. मला सोळाव्या क्रमांकाच्या घरातून फोन आला होता, त्या परत कधी येणार असं विचारायला.” लोक हसले. मी सही केली. पेन मी इतक्या झोकात फिरवलं की माझ्या नावाला दोन वेलांट्या जास्त आल्या असत्या, पण डचमध्ये वेलांट्या नसतात.

खाली उतरले तर बाई समोर उभ्या.

“आज डबा नाही?” त्यांनी विचारलं.

तो खुर्चीखालच्या पिशवीत होता, अर्थातच. एकेचाळीस लाडू. बाईंनी एक उभ्या उभ्या संपवला, दुसरा कागदी रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला आणि जाताना म्हणाल्या, “परीक्षेच्या दिवशी याचा वास मला घरी जाईपर्यंत येत होता.”

मिरजेला तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. आम्ही कँटीनच्या कोपऱ्यात सरकलो. नवऱ्यानं फोन धरला आणि फोन धरलेल्या त्याला मुलीनं धरलं, कारण तो हलत होता. पडद्यावर आधी छत दिसलं, मग अण्णांचा कान, मग अण्णा. मी चार वर्षं त्यांना काही सांगितलं नव्हतं. झालं तरच सांगायचं ठरवलं होतं. सांगून परत राहिलं असतं तर त्यांनी तो चष्मा किती वेळा पुसला असता.

“अण्णा, हे बघा,” मी म्हटलं आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

“जवळ आण. वर. तुझा अंगठा काढ.”

अण्णा वाचत होते. ओठ हलत होते. मग म्हणाले, “थांब जरा,” आणि पडद्यावरून नाहीसे झाले. कपाटाचं दार वाजलं. काहीतरी खाली पडलं. माझा हात दुखायला लागला तरी मी कागद तसाच धरून उभी होते.

अण्णा परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात भिंग होतं आणि दुसऱ्या हातात पिवळी पडलेली माझी लग्नपत्रिका. वीस वर्षं मला वाटत होतं, उरलेल्या सगळ्या पत्रिका त्यांनी बंबात घातल्या असतील. पत्रिकेवर अण्णांनी भिंग धरलं, मग पडद्याकडे पाहिलं, परत पत्रिकेवर धरलं. गुणपत्रिका पडताळायचे तसं, एकेक अक्षर. बी. मग एस्सी. आणि पुन्हा पहिल्यापासून.

मला रडू येत होतं. “अण्णा,” मी म्हटलं, “मी बी.एस्सी. झाले.”

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. पत्रिकेची घडी घातली.

“हो,” ते म्हणाले. “पत्रिकेत आहेच.”